विणणाऱ्याचा वेळ

सातपूरहून गंगापूर रस्त्याला लागले की गोदावरीकाठी गोवर्धन गाव लागते. आज नाशिक वाढत वाढत त्याच्या वेशीला टेकले आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी हेच गाव आहाराचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, ठाणे होते आणि तिथे विणकरांच्या दोन मोठ्या श्रेणी होत्या. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यातला शिलालेख त्यांना ‘कोलिकनिकाय’ म्हणतो. कोलिक म्हणजे कोष्टी.

हा लेख कोरवून घेतला क्षत्रप नहपानाच्या जावयाने, उषवदाताने. त्यातले ४२ हे वर्ष शकाचे मानले तर काळ येतो इ.स. १२०. उषवदाताने ३००० कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, या दोन श्रेणींकडे कायमची ठेवली. एकीकडे २००० दरमहा शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, व्याज तेवढे घ्यायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, बारा-बारा कार्षापणे द्यायची, हा त्याचा विनियोग. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. हिशेब चोख आहे. गोवर्धनच्या मागांवर धोटा चालत राहील, एवढ्या एका भरवशावर तो बेतलेला आहे.

विणकाम म्हणजे वेळ. तो वेळ कोणाचा आणि त्याचे दाम कोण मोजतो, या प्रश्नाने वस्त्रांचा सगळा इतिहास पुढे सरकतो. सगळ्यांत जास्त वेळ खाणारे वस्त्र म्हणजे हाताने गाठी मारून विणलेला गालिचा. त्यामुळे हा प्रश्न तिथे सगळ्यांत उघडा पडतो.

उषवदाताने याच लेण्यांत स्वतःला शक म्हणवून घेतले आहे. शकांचे मूळ मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत, घोड्यांच्या पाठीवर जगणाऱ्या टोळ्यांत. त्या मैदानांच्या पार उत्तरेला, सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात, सर्गेई रुदेन्को या रशियन पुरातत्त्वज्ञाला १९४९ साली पाझिरिक इथल्या एका थडग्यात गालिचा सापडला. शकांच्या भाऊबंदांपैकी एका सरदाराचे हे दफन होते. थडगे चोरांनी फोडलेले होते. फोडलेल्या वाटेने आत पाणी शिरले, ते गोठले आणि त्या बर्फाने लोकर जवळपास चोवीसशे वर्षे जपली. आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात असलेला हा गालिचा सुमारे १८३ बाय २०० सेंटिमीटरचा आहे. एका पट्ट्यात चरणारी हरणे, दुसऱ्यात घोडेस्वार, मध्यभागी चौकोनांत बसवलेली फुले. गाठींनी विणलेला अखंड गालिचा म्हणून याहून जुना अजून कुठे मिळालेला नाही. तो तिथल्याच लोकांनी विणला, इराणात विणला की आर्मेनियात, यावर जाणकारांचे एकमत नाही. एका गोष्टीवर मात्र आहे: त्यातली गाठ ‘तुर्की’ आहे.

सतरंजी आपल्या ओळखीची असते. उभा ताणा, आडवा बाणा, त्यांची गुंफण झाली की काम संपले. गालिच्यात तिसरा धागा येतो. उभ्या मागावर ताणा ताठ ताणलेला असतो. विणकर रंगीत लोकरीचा तुकडा ताण्याच्या दोन शेजारच्या धाग्यांवरून आडवा घेतो, दोन्ही टोके त्या दोहोंना वळसा घालून मधल्या फटीतून पुढे ओढतो आणि सुरीने छाटतो. झाली एक गाठ. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून अभ्यासक तिला सममित गाठ म्हणतात. पश्चिम तुर्कस्तानातल्या गोर्देस गावावरून तिला गोर्देस गाठ असेही नाव आहे. इराणी गाठीत लोकर ताण्याच्या एकाच धाग्याला पूर्ण वेढते, दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. तिच्याने नाजूक वळणे साधतात. तुर्की गाठ दांडगी असते. ती ओढून निघत नाही आणि तिच्यात कोन, पायऱ्या, चौकट्या शोभून दिसतात.

गाठींची एक ओळ झाली की बाण्याचे धागे घालायचे आणि पंजाने ठोकून ओळ घट्ट बसवायची. मग पुढची ओळ. गालिचा उतरला की वरची लव कैचीने सारखी कातरायची, मग धुवायचा, उन्हात वाळवायचा. पाझिरिकच्या गालिच्यात दर चौरस डेसिमीटरला सुमारे ३६०० गाठी आहेत. सगळ्या गालिच्याच्या मिळून भरतात तेरा लाखांच्या आसपास. सरावलेल्या हाताने दिवसाला आठ हजार गाठी धरल्या तरी एका माणसाचे साडेपाच महिने त्यात गेले. त्यात लोकर कातणे नाही, पिंजणे नाही, रंगवणे नाही.

पाझिरिकनंतर दीड हजार वर्षांच्या वाटेवर फक्त तुकडे सापडतात. पुढचा मोठा मुक्काम अनातोलियातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. अकराव्या शतकात सेल्जुक तुर्क तिथे पोहोचले आणि कोन्या ही त्यांची राजधानी झाली. तिथल्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ साली काही जीर्ण गालिचे उजेडात आले. तेराव्या शतकातले हे गालिचे आज तुर्की विणकामाचे आद्य नमुने मानले जातात. मधल्या भागात एकच भौमितिक आकृती ओळीने पुन्हा पुन्हा येते. कडेला दणकट काठ असतो आणि त्यातले आकार कूफी अक्षरांसारखे दिसतात, पण वाचायला गेले तर अक्षर लागत नाही. त्याच शतकात मार्को पोलोने या मुलखातल्या गालिच्यांची तोंड भरून स्तुती केली. पुढे युरोपात ते इतके महाग झाले की लोक ते जमिनीवर अंथरेनात. हान्स होल्बाइनच्या १५३३ सालच्या ‘द अँबॅसडर्स’ या चित्रात अनातोलियाचा गालिचा दोन राजदूतांच्या मध्ये टेबलावर पसरलेला आहे. चित्रकारांनी इतक्या बारकाईने ते रंगवले की गालिच्यांच्या एका घराण्याला आज होल्बाइनचेच नाव आहे.

मराठी मुलखाशी या गालिच्यांचे नाते जोडणारा पहिला साक्षीदार इब्न बतूता. चौदाव्या शतकात तो अनातोलियातल्या अक्सराय गावात होता. तिथल्या लोकरी गालिच्यांना कुठे तोड नाही आणि ते शाम (सीरिया), मिसर (इजिप्त), इराक, चीन आणि हिंदुस्थानापर्यंत जातात, असे त्याने लिहून ठेवले. काही वर्षांनी हाच प्रवासी दौलताबादेत होता आणि तिथून नंदुरबारच्या वाटेने गुजरातेत उतरला. त्याने मऱ्हाटी मुलुख पाहिला तेव्हा दौलताबादच्या एखाद्या अमिराच्या बैठकीत अक्सरायचा माल अंथरलेला होता की नाही, ते त्याने लिहिलेले नाही. बाजार मात्र तोवर जुळलेला होता.

शब्दही त्याच वाटेने आले. अनातोलियाच्या खेड्यात बिनगाठीच्या एका विणीला ‘जिजिम’ म्हणतात. फारसीतला ‘जाजिम’ त्याच कुळातला आणि लग्नाच्या मांडवात आपण पसरतो ती जाजमही. लव कातरायची कैची हा शब्द तुर्की, तोफ हाही तुर्की. ‘गालिचा’ फारसीतून आला. त्यातला ‘चा’ लहानपणा दाखवतो, म्हणजे शब्दशः तो ‘छोटा गाली’. दिवाणखाना भरून उरेल एवढा असला तरी मराठीत तो छोटाच राहिला.

दरबारी कारखाने आणि परदेशी बाजार यांच्या पलीकडे अनातोलियात गालिच्याचे आणखी एक घर होते: खेड्यातल्या आणि भटक्या तांड्यातल्या बाईचा माग. पोर आईशेजारी बसून गाठ शिकायची आणि स्वतःच्या रुखवताचे गालिचे स्वतःच विणायची. इथे वेळ तिचा, मेंढ्या घरच्या, लोकर घरची. मंजिष्ठेच्या मुळांनी लाल, निळीने निळा, रानातल्या पिवळ्या फुलांनी पिवळा. नक्षीही तिचीच. कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईसारखा आकार म्हणजे ‘एलिबेलिंदे’, मातृत्वाची खूण. मेंढ्याची वळलेली शिंगे म्हणजे पौरुष आणि बरकत. चौकोनात ठिपका म्हणजे डोळा. वाईट नजरेवर उलटी नजर. लांडग्याचा जबडा कळपाच्या रक्षणासाठी. वेणीच्या गोंड्याची नक्षी लग्नाची इच्छा सुचवते. नमाजाच्या छोट्या गालिच्यावर मिहराबची कमान येते आणि अंथरला तिथे मशीद होते. बाळाला काजळाची तीट लावणाऱ्या, श्रावणात उंबऱ्याशी गोपद्मे काढणाऱ्या आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला यातले काहीच परके वाटले नसते.

याच जागी अनेकांचा पाय घसरला. खुणांचा अर्थ सांगणे सोपे, तो सिद्ध करणे कठीण. १९८९ साली पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी सहलेखकांबरोबर ‘द गॉडेस फ्रॉम अनातोलिया’ हा ग्रंथ काढला. चाताल्होयुक इथल्या आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीचित्रांत आजच्या तुर्की किलिमांवरच्याच, म्हणजे बिनगाठीच्या अंथरुणांवरच्याच, देवीच्या आकृत्या आहेत, असा त्यांचा दावा होता. बाजार हरखला. पण त्या चित्रांची छायाचित्रे कधीच पुढे आली नाहीत, होती ती फक्त मेलार्ट यांची रेखाटने. विणकामाच्या अभ्यासकांनी तेव्हाच शंका घेतली. मेलार्ट २०१२ साली वारले. २०१८ साली त्यांच्या घरात बनावट रेखाटनांचे कच्चे आराखडे सापडल्याचे जाहीर झाले. विणणारीला विचारले तर ती बहुधा एवढेच सांगते की आई अशी विणायची. हे उत्तर लहान आहे, पण खरे आहे. आईकडून लेकीकडे हात पोहोचत होता, तोवर खूण जिवंत होती. तिला सहस्रकांची वंशावळ लावली ती विक्रेत्यांनी.

आता दख्खनकडे येऊ. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलखान हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा, भाऊबंदकीच्या कत्तलीतून वाचवून पळवलेला, अशी कथा विजापूरच्याच आश्रयाने लिहिणाऱ्या फिरिश्ताने सांगितली आहे. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण तुर्की घराण्याशी नाते सांगण्यात दख्खनच्या दरबाराला भूषण वाटत होते, हे तिच्यावरून कळते. तुर्कस्तानातून माणसे येत होतीच. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव मुहंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूमचा, अर्थात अनातोलियाचा. गालिच्यात मात्र हिंदुस्थानाने इराणी गाठ उचलली. अकबराने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोरला गालिच्यांचे कारखाने घातले ते इराणी वळणाचे, वेलबुट्टीचे. दख्खनमध्येही विणकर होते. सतराव्या-अठराव्या शतकातले दख्खनी गालिचे आज जपानात क्योतोच्या गिओन उत्सवाच्या रथांवर झुलतात. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते तिथवर गेले.

मुहंमद आदिलशहाने १६४६च्या सुमारास बांधलेला विजापूरचा असर महाल आधी न्यायाची कचेरी होता. मग पैगंबरांचे केस म्हणून जपलेला पवित्र अवशेष तिथे आला आणि त्या दालनांच्या मानाला साजेसे गालिचेही. हे गालिचे काश्मीरहून आल्याचे सांगितले जाते. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले, शहर ओस पडत गेले, महालांची छपरे खचली. अवशेषावरच्या श्रद्धेमुळे असर महाल आणि त्यातले जुने गालिचे टिकून राहिले. पुढे गोलघुमटाच्या नगारखान्यात संग्रहालय झाले आणि ते तिथे आले. आणि त्यांच्या नकला होऊ लागल्या पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगात.

येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा. तुरुंगाने आपला खर्च आपण काढावा, हे इंग्रजी कारभाराचे धोरण. त्यासाठी गालिच्यासारखा दुसरा धंदा नव्हता. लोकर स्वस्त, माग साधा, आणि खरा खर्च जो वेळाचा, तो इथे फुकट. न्यायाधीशाने तो वर्षांच्या हिशेबाने मोजून दिलेलाच असे. लाहोर, आग्रा, येरवडा, सगळीकडे कैदी मागावर बसले. १८९७-९८ मध्ये लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाची शिक्षा भोगली ती याच येरवड्यात आणि चापेकर बंधूंना फाशी झाली तीही इथेच. त्याच भिंतींच्या आत असर महालाचे नमुने समोर ठेवून गाठी मारल्या जात होत्या. आदिलशहाच्या पवित्र दालनाची फुले दरोडेखोर, खुनी आणि कर्जापायी कज्ज्यात सापडलेले शेतकरी विणत होते. आग्र्याच्या तुरुंगात तर व्हिक्टोरिया राणीसाठी सुमारे २४ बाय १२ मीटरचा, दोन टन वजनाचा बिनजोड गालिचा झाला आणि विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात अंथरला गेला.

या सगळ्याविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज उठवला तो बेळगावात जन्मलेल्या एका इंग्रजाने. जॉर्ज बर्डवुड, जन्म १८३२. पेशाने डॉक्टर, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीत तो आणि भाऊ दाजी दोघेही होते. १८८० साली त्याचा ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ निघाला. त्यात त्याने तुरुंगांच्या गालिच्यांवर कडक टीका केली: फुकट्या मजुरीचा माल बाजारात आला की पिढीजात विणकर मरतो; आणि घाऊक मागणीसाठी नमुने आणि रंग उतरत जातात.

त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. असर महालाच्या नकला वाईट नव्हत्या. येरवड्याच्या जुन्या गालिच्यांना आज परदेशातल्या लिलावांत गिऱ्हाईक आहे. कैद्याचा हात कारागिराच्या हातापेक्षा कमी नसतो. पण नमुना त्याचा नव्हता, वेळही त्याचा नव्हता. अनातोलियाची पोर चुकली तर तिची चूक गालिच्यात राहायची आणि पुढे तीच तिच्या घरची खूण व्हायची. कैदी चुकला तर गाठ उसवावी लागे.

रंगांच्या बाबतीत बर्डवुडचे भय पुरते खरे ठरले. १८५६ साली विल्यम पर्किन याला प्रयोगशाळेत जांभळा रंग सापडला. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेचा लाल रंग कृत्रिम रीतीने बनवला आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. रंगाऱ्याला ज्याला आठवडे लागत, ते काम तासांवर आले. सुरुवातीचे स्वस्त रंग मात्र उन्हात विटत आणि पाण्यात सुटत. तुर्कस्तानातही इझमीरच्या बंदरातून युरोपला जाणाऱ्या मालात हेच झाले. खेड्यातली बाई आता लेकीच्या रुखवतासाठी नव्हे, दलालाने दिलेल्या कागदी नमुन्यावरून, दलालाच्या लोकरीने, गाठींच्या दराने विणू लागली. तुरुंगाच्या भिंती तिच्याभोवती नव्हत्या, एवढाच फरक.

येरवड्यानेच या गोष्टीची दुसरी बाजूही दाखवली. गांधीजी १९२२ पासून तिथे अनेकदा होते आणि पत्रांवर पत्ता ‘येरवडा मंदिर’ असा घालत. तिथे ते स्वतःहून, नेमाने सूत काढत. पेटीत मावणाऱ्या, घडी होणाऱ्या चरख्यावर त्यांनी तिथे प्रयोग केले. ‘येरवडा चक्र’ या नावाने तो देशभर गेला. त्याच तुरुंगात, तशाच शिक्षेच्या दिवसांत, एकाचा वेळ सरकार घेत होते आणि दुसरा आपला वेळ आपणच सुताला देत होता.

तुर्कस्तानात असाच उलटा फेरा १९८१ साली सुरू झाला. इस्तंबूलला आलेला हारल्ड ब्योमर हा जर्मन रसायनशिक्षक संग्रहालयातल्या जुन्या गालिच्यांचे रंग तपासत होता. कोणत्या झाडातून कोणता रंग येई, हे त्याने शोधून काढले आणि चानक्काले प्रांतातल्या आयवाजिकच्या खेड्यांत जाऊन बायकांना त्यांच्याच आज्यांच्या रंगांच्या कृती परत दिल्या. विद्यापीठाच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या या उपक्रमाचे नाव ‘दोबाग’. बायकांनी आपल्या गावची नक्षी आपल्या मनाने विणायची, गालिचा विणणारीच्या नावाने विकायचा आणि पैसा तिच्या हाती द्यायचा. नमुने पुन्हा जिवंत झाले, चुकांसकट.

आज सातपूरच्या कोणत्याही दुकानात गालिचा मिळतो. तो बहुधा यंत्राचा असतो, त्यावर बऱ्याचदा तुर्की मिहराब नाहीतर इराणी वेलही असते. त्यात वावगे काही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे गालिच्यालाही लागू आहे. पण कोणी ‘हातविणीचा’ म्हणून किंमत सांगितली तर तो उलटा करून पाहा. खऱ्या गालिच्याच्या पाठीवर प्रत्येक गाठ दिसते, नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट असते आणि कडेच्या झालरी शिवलेल्या नसतात; त्या ताण्याचीच टोके असतात. मग आणखी एक विचारा: विणले कोणी, आणि त्याला मिळाले किती?

हा प्रश्न गोवर्धनच्या शिलालेखालाही विचारता येतो. दात्याचे नाव तिथे आहे, त्याच्या सासऱ्याचे आहे. मुद्दल आहे, व्याजाचा दर आहे, वीस भिक्षूंचे बारा-बारा आहेत. ज्यांच्या मागांवर हे सगळे चालणार होते, त्या कोलिकांपैकी एकाचेही नाव तिथे नाही.